कोरा रकाना

एस्टोनियात, दलदलीच्या कडेला,
एका बंद पडलेल्या शाळेत चौघांनी बिऱ्हाड केलं.
शोधायचं एकच होतं: पूर कधी कधी आला,
आणि दलदलीतून जाणारी ती ओंडक्यांची वाट
लोकांनी एकाएकी का सोडली.

पहिले चार महिने शब्दांवरून हमरीतुमरी.
एहा 'जुनं' म्हणायची
तेव्हा तिच्या डोक्यात हिमयुग वितळत असायचं.
लेलोचं 'जुनं' म्हणजे
ज्या बायका अजून बोलू शकतात, त्यांचं बालपण.
'नमुना' म्हटलं की एहा पुढे करायची
काळ्या, कुजक्या मातीची हातभर कांडी;
काउर दाखवायचा आकड्यांचा ढीग;
आणि तार्वो, लाकडातली वलयं मोजणारा,
नुसतं काउरकडे बोट दाखवायचा.

सूप मात्र एकाच पातेल्यात शिजायचं.
त्यात मीठ किती, यावर चार मतं,
आणि तीही चार पद्धतींनी सिद्ध केलेली.

मार्चमध्ये काउरने फळ्यावर नकाशा लावला.
पुराची वर्षं निळी, कमीअधिक गडद.
सत्तावन साल तेवढं पांढरंफेक.
'त्या वर्षी पाणी नव्हतं,' तो म्हणाला.
तार्वो चष्मा पुसत राहिला.
'वाटेचा शेवटचा ओंडका छप्पनच्या हिवाळ्यात तोडलेला.
पुढे कुणी डागडुजीच केली नाही.
पाणी नव्हतं, तर वाट का टाकली?'

शून्य आलं कुठून, ते शोधायला दोन दिवस गेले.
आलं होतं लेलोच्या तक्त्यातून.
तिने तो रकाना कोरा ठेवला होता,
आणि यंत्राला कोरं सोसत नाही.
ते दिसेल त्या रिकाम्या जागी शून्य भरतं,
सोसायटीच्या सभेत गैरहजरांची संमती धरावी तसं.

लेलो भांडली नाही.
तिने हेडफोन काउरच्या कानांवर चढवले.

साल्मे, वय ब्याऐंशी, स्वतःच्या स्वयंपाकघरात.
लेलोचा आवाज: 'आणि सत्तावनला?'
मग घड्याळ.
शेगडीत लाकूड खचल्याचा आवाज.
फरशीवर कुत्र्याची नखं, इकडून तिकडे.
कुणीतरी कप बशीवर ठेवतं,
उचलतं, पुन्हा ठेवतं.
मग साल्मे: 'पुढचं विचार.'

काउरने हेडफोन काढले, पण हातातच धरून ठेवले.
'हे भरायचं कसं?' त्याने विचारलं.
चार महिन्यांत त्याचं हे पहिलं वाक्य
ज्याच्या शेवटी खरंखुरं प्रश्नचिन्ह होतं.
'मला नाही माहीत,' लेलो म्हणाली, 'म्हणून तर कोरं ठेवलं.'

एहा मातीची कांडी कापत होती. मान वर न करता म्हणाली,
'माझ्याकडे बघू नका.
माझ्या नखाएवढ्या मातीत वीस वर्षं मावतात.
छप्पन आणि सत्तावन तिथे एकाच पांघरुणात झोपलेत.'
हे ती पहिल्यापासून सांगत होती म्हणे.
बाकी तिघांना वाटलं होतं, ती नम्रपणा करतेय.

त्या रात्री सूप करपलं.
काउरने तक्त्यात नवा रकाना घातला: 'कोरं का?'
मापक गोठला असेल, तर तसं लिहायचं.
आपण चुकीचं विचारलं असेल, तर तेही.
(दुसऱ्या प्रकारच्या नोंदी जास्त निघाल्या.
त्यातल्या सात त्याच्या स्वतःच्या.)

साल्मेला पुन्हा कुणी विचारलं नाही.
शरदात तिनेच क्रॅनबेरीची बादली पाठवली,
चिठ्ठी नाही, काही नाही.
निबंधावर कुणाचं नाव आधी यावं
यावरून चौघांत अजून धुसफूस चालू आहे;
तार्वो म्हणतो, वलयांसारखं लावा, जुनं ते आत.
'जुनं म्हणजे?' एहा आणि लेलो एकदमच विचारतात.

नकाशावर सत्तावन आता पांढरं नाही, निळंही नाही.
तिरप्या रेघांनी भरलंय,
आणि त्याच्यापुढे, नव्या रकान्यात,
काउरने आपल्या बारीक अक्षरात लिहिलंय:
एकोणीस सेकंद.